मालकांची गाडी, सहा बटणांची

अण्णा, तुमच्या मालकांची गाडी माझ्या टेबलावर उभी आहे. खरी नव्हे. खरी मोडीत गेली की कुणा शौकिनाच्या शेडमध्ये झाकून ठेवलीय, देव जाणे. ही प्लास्टिकच्या ठोकळ्यांची आहे, पोरं खेळतात त्या. लांबीला माझ्या पंजाहून थोडी जास्त, रुंदीला पंजाहून कमी. रंग काळपट हिरवा, फूटबोर्ड काळे, पुढे दोन डोळ्यांसारखे दिवे, मागे स्टेपनी. तुम्ही बघितली असती तर आधी फडकं मागितलं असतंत, कारण तिच्यावर धूळ बसलीय. चार-पाच दिवस मी तिला हात लावलेला नाही. लावायला पाहिजे, रविवारी द्यायचीय आणि तिच्यात एकच काम राहिलंय. पण ते होत नाहीये, आणि खरं सांगायचं तर मी दमलोय. मान दुखते, चष्म्याचा नंबर परत वाढला, आणि लोकांचं ऐकून ऐकून कान किटलेत. म्हणून गाडी बाजूला सारली आणि तुम्हाला लिहायला बसलो. दुपारची वेळ आहे, बायको आत झोपलीय, आणि खाली मांजरीच्या रस्त्यावर काँक्रीटच्या मिक्सरची रांग लागलीय. हो, मांजरीच, तुमचं गाव. तुमच्या भावाचा ऊस जिथं होता, तिथून जरा पुढे हे टॉवर उठलेत, आणि त्यातल्याच एकात मी सातव्या मजल्यावर राहतो. तुम्हाला हसू येईल.

हा उद्योग मी कधी सुरू केला तेही तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी भोसरीला फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होतो, लाकडाचे नमुने करायचो, त्यावरनं साचा आणि साच्यावरनं ओतीव काम. रिटायर झालो आणि हाताला काही उरलं नाही. मुलगा बेंगळुरूला निघून गेला होता, त्याचे ठोकळे माळ्यावर पडलेले. एक दिवस खाली काढले आणि वेळ जावा म्हणून एक जुनी गाडी जुळवली. मग दुसरी. मग जुन्या गाड्या बाळगणाऱ्या एका गृहस्थानं ती पाहिली आणि म्हणाला, माझी करा. तेव्हापासून चालू आहे. प्रत्येक ठोकळ्यावर गोल बटणं असतात, दुसरा ठोकळा त्यावर बसतो. आमची सगळी मापं त्या बटणांत. मी करतो त्या गाड्या सहा बटणं रुंद. त्याहून मोठी केली तर सगळं दाखवता येतं, मग त्यात मजा नाही. सहा बटणांत तुम्हाला ठरवावं लागतं की काय टाकून द्यायचं. दाराची कडी टाकली तर चालते. बॉनेटच्या बाजूच्या फटी टाकल्या तर गाडी ओळखू येत नाही. मडगार्डाचा बाक तर डोक्याला ताप असतो, कारण ठोकळा चौकोनी आणि जुन्या गाडीत सरळ रेघ औषधाला सापडत नाही. एकेका मडगार्डासाठी मी आठवडा घालवलाय. आणि एवढं करून मालक येतो, गाडी हातात घेतो, आणि पहिला प्रश्न विचारतो, यात आमचे आजोबा कुठे बसवणार?

कारण ठोकळ्यांबरोबर छोटी माणसं येतात, बोटाच्या पेराएवढी. त्यांना टोपी घालता येते, डोकं बदलता येतं. प्रत्येकाला आपला आजोबा गाडीत पाहिजे, आणि तोही हसरा. मी किती आजोबा बसवले त्याची गणतीच नाही. बायको म्हणते, लोकांचे आजोबा बसवून झाले असतील तर पानं वाढते. ती असंच बोलते. तुम्ही असताना ती नवी होती, तेव्हा गप्प असायची. आता ती कसर भरून काढते.

ठोकळे मला पहिल्यांदा तुम्हीच आणून दिले होतेत, ते आठवतंय का बघा. आपण तुमच्या मालकांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, बंगल्यामागे गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. त्यांच्या धाकट्या मुलीनं नको म्हणून टाकलेले ठोकळे तुम्ही दवाखान्याच्या कापडी पिशवीतनं वर आणलेत. विलायतेहून कुणीतरी आणलेले असणार. आई म्हणाली, धुऊन घ्या आधी. चाकं त्यात नव्हती, चाकं मुलीनं ठेवून घेतली होती. मी लगेच जमिनीवर बसून गाडी केली, खाली बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा लावला, आणि पिशवीच्या तळाशी एक माणूस सापडला तो गाडीत बसवला. तुम्ही डबा खाली ठेवलात आणि वाकून बघितलंत. मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, "ह्यो मधी का बसलाय? मधी बसून गाडी हाकायला ती काय बैलगाडी हाय?" आणि हात धुवायला गेलात. मी त्याला उजवीकडे सरकवायला बघितलं. तो सरकेना, कारण बटणं जिथं असतात तिथंच माणूस बसतो, आणि उजवीकडे भिंत लागत होती. मी रडलो होतो. आई तुमच्यावर चिडली होती, पोरगं खेळतंय तर खेळू द्यावं. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, खेळू दे की, पण नीट खेळावं. बास. तुमचं बोलणं एवढंच असायचं, आणि ते लागायचं.

आता त्याला एक तोड निघालीय. एक चपटा ठोकळा मिळतो, त्याला मधोमध एकच बटण असतं, त्यामुळे माणूस अर्ध्या बटणाने बाजूला सरकतो. त्यावर मी ड्रायव्हर उजवीकडे बसवतो. सहा बटणांच्या गाडीत पुढे एवढा एकच माणूस मावतो, शेजारी दुसरा बसवला तर दोघांचे खांदे एकमेकांत अडकतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

दिवाळीच्या आधी एका हॉलमध्ये हौशी लोकांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. कुणी आगकाड्यांचा वाडा केलेला, कुणी तांदळावर अक्षरं कोरलेली, तसा मी माझ्या गाड्या मांडून बसलो होतो. पंचेचाळिशीचा एक माणूस आला. आयटीवाला, गळ्यात कंपनीचा पट्टा, बोलणं निम्मं इंग्रजी. त्याला गाड्या आवडल्या. म्हणाला, काका, आईच्या वाढदिवसाला द्यायचीय, आमच्या आजोबांची गाडी, फोटो आहे. आणि त्यानं फोन माझ्यासमोर धरला. अण्णा, मी आधी गाडी ओळखली नाही. आधी गॅरेजचं दार ओळखलं, त्याच्या वरची आपली खिडकी, आणि खिडकीत वाळत घातलेलं आईचं लुगडं. मग गाडी. बॉनेटवर झेंडूचा हार, छपराचं कापडी हूड खाली दुमडलेलं, आणि चाकामागे डॉक्टर, कोट-टोपी घालून, दोन्ही हातांनी चाक धरून. माणूस मला सांगत होता, आजोबा स्वतः ड्राइव्ह करायचे, त्या काळात, इमॅजिन करा. मला इमॅजिन करायची गरज नव्हती. मी त्या वेळी गॅरेजच्या दाराशी उभा होतो.

तो दसरा होता. दर दसऱ्याला तुमचा एक हट्ट असायचा. पूजा झाली, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, की त्या दिवशी गाडी पहिल्यांदा मालकाच्या हातानं हलली पाहिजे. डॉक्टरांना गाडी येत नव्हती. त्यांनी शिकायचा प्रयत्नच कधी केला नाही, त्यांना धड सायकलही येत नव्हती असं आई म्हणायची. म्हणून दसऱ्याला इंजिन बंद ठेवून डॉक्टर चाकामागे बसायचे, आणि तुम्ही आणि कंपाउंडर मागनं ढकलायचात. लिंबं चिरडली की सगळे टाळ्या वाजवायचे, डॉक्टर खाली उतरायचे, घाम पुसायचे, तुम्हाला सोनं द्यायचे आणि मागच्या सीटवर जाऊन बसायचे. त्या वर्षी कुणीतरी कॅमेरा आणला होता. तुम्हीच म्हणालात, मालक, तुमचा फोटू चाकावर असू द्या, शोभून दिसंल. हूड दुमडलं की मागे एवढा जाड गठ्ठा व्हायचा, त्याच्याआड वाकलेला माणूस पुढून दिसतच नाही. फोटोत तुम्ही आहात, अण्णा. गठ्ठ्याच्या मागे, दोन्ही हात स्टेपनीवर टेकून ढकलताय. पण ते ज्याला माहीत त्यालाच.

तेव्हाच मी त्या माणसाला सांगायला हवं होतं, असं बायको म्हणते. एक वाक्य होतं, बोलून मोकळं व्हायचं. मी बोललो नाही. तुमचा नातू लागेल एवढा तो पोरगा, त्याचा काय दोष? पण मला राग आला होता, आणि खोटं कशाला बोलू, मी रुसलो होतो. तुम्ही इतकी वर्षं त्या घराचं चाक धरलंत. डॉक्टर ज्या ज्या बाळंतिणीकडे पोचले, ते तुमच्यामुळे पोचले. आणि त्या घराची तिसरी पिढी तुम्हाला नुसती विसरलेली नाही, तिच्या लेखी तुम्ही झालातच नाही. मी म्हटलं, मीच का सांगू? बघू कुणाला आठवतंय का. गाडी करून देतो म्हणालो आणि फोटो मागवून घेतला.

मग घरी येऊन गाडीच्या मागे लागलो. ही मी कुणासाठी करतोय ते मला माहीत होतं, त्यामुळे काम आणखी चेंगट झालं. रंगाला फोटोचा उपयोग नव्हता, तो काळा-पांढरा. पण ती गाडी मी तुमच्याबरोबर पुसलीय, मला रंग विचारायचा नाही. तो हिरवा ठोकळ्यांत फार थोड्या आकारांत येतो. मडगार्डाला लागणारा बाकदार तुकडा त्या रंगात मिळता मिळेना, कुठून कुठून जुने मागवले. दिव्यांसाठी बुधवार पेठेत जाऊन तांदळाएवढे बल्ब आणले. दुकानदार म्हणाला, काका, एवढ्याशा बल्बासाठी हेलपाटा मारलात, मोबाइलवर मागवायचे. मी म्हटलं, मोबाइलवर मागवले असते तर तुमचं तोंड कसं दिसलं असतं? तो हसला नाही. येताना बसमध्ये उभं राहून गुडघे सुजले ते चार दिवस.

घोळ असा झाला. गाडी लांब आहे, म्हणजे पुढे एक आणि मागे एक माणूस सहज बसतो. तुम्ही पुढे, डॉक्टर मागे, जसे रोज असायचात तसे. मला वाटलं हे तर आपोआप जमलं. मी दोघांना बसवलं. मग हूड दुमडायला घेतलं आणि हात टेकले. फोटोतला तो जाड गठ्ठा दाखवायचा तर तो बरोबर मागच्या माणसाच्या पाठीच्या जागेत येतो. या मापात हूड दुमडलं की मागची सीटच राहत नाही. हूड वर ठेवलं तर दोघंही मावतात, पण मग छपराखाली काही दिसत नाही, बाजूनं नुसता डॉक्टरांचा एक हात दिसतो. मी सगळं करून पाहिलं. गठ्ठा पातळ केला, तर गाडी ती राहिना. सीट पुढे ओढली, तर तुमचे पाय बॉनेटमध्ये जायला लागले. आठ बटणांची करावी असंही मनात आलं, पण मग तो बाक, ती उंची, सगळंच हातचं गेलं असतं. शेवटी हूड वर ठेवून, दोघांना आत बसवून फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं की अशी बरी दिसते, पावसाळ्यातली. त्याचं उत्तर आलं, काका, मस्तच, पण हूड खाली पाहिजे ना, फोटोसारखं, आजोबा दिसले पाहिजेत. आणि शेवटी दोन हात जोडलेले. बरोबर आहे त्याचं. मी हूड खाली घेतलं, तुम्हाला उतरवलं, डॉक्टरांना कोट-टोपी घालून चाकामागे बसवलं. तुम्हाला काडेपेटीत ठेवलं आणि काडेपेटी ड्रॉवरमध्ये. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, ॲसिडिटी आहे म्हटलं.

बंगला आता नाही. तिथं सहा मजली इमारत आहे, त्यातला एक मजला त्यांचा. गेल्या रविवारी त्यानं बोलावलं, वाढदिवसाआधी एकदा आईला दाखवून घ्या, काही बदल असेल तर करता येईल. आई म्हणजे डॉक्टरांच्या सूनबाई, तुम्ही ज्यांना वहिनीसाहेब म्हणायचात. खुर्चीत बसल्या होत्या, अंगानं चिमणीएवढ्या झाल्यात, पण आवाज तोच, खणखणीत. मी खोक्यातून गाडी काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, गाडीभोवती बोट फिरवलं, रंग बरोबर आहे म्हणाल्या, फूटबोर्डावर माझी साडी अडकायची म्हणाल्या. मग चाकामागच्या बाहुल्याकडे बघून म्हणाल्या, हे कोण?

"आजोबा," त्यांचा मुलगा म्हणाला.

"मामंजी? मामंजींना कुठं गाडी येत होती?"

मुलानं फोन काढला, फोटो दाखवला. त्यांनी बघितला आणि परत दिला. म्हणाल्या, दसऱ्याचा आहे, गाडी ढकलतायत, चालू कुठं आहे? तो म्हणाला, पण आपल्याकडे सगळे म्हणतात की... तर म्हणाल्या, सगळे कोण? सगळे तेव्हा पाळण्यात होते. मग माझ्याकडे वळून सांगायला लागल्या, आमच्याकडे ड्रायव्हर होता, मांजरीचा, फार सावकाश गाडी चालवायचा, मी पोटुशी असताना तर बैलालाही लाज वाटेल इतकी. मी ऐकत होतो. रुसलेला माणूस ज्याची वाट बघतो ते समोर चालू होतं, आणि मला तिथनं उठून जावंसं वाटत होतं.

"ते माझे वडील," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मुलगा एकदम उभाच राहिला, सॉरी काका, सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं, असं काहीतरी. मी म्हटलं, असू द्या हो. वहिनींनी मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाल्या, म्हणजे तू वरच्या खोलीतला, डांबरट. मी हो म्हटलं. मग त्यांनी सरळ हात घालून डॉक्टरांना गाडीतून उपटलं, टोपी एकीकडे आणि डॉक्टर एकीकडे, आणि मुलाच्या तळहातावर ठेवलं.

"ह्यांना मागे जागा नसेल तर राहू देत घरी. तुझ्या वडिलांना बसव."

अण्णा, मी हे इतक्या दिवसांत कुणापुढे बोललो नाही, पण मला तिथं रडू आलं. साठी उलटलेला माणूस मी, लोकांच्या दिवाणखान्यात खोका मांडीवर घेऊन. मुलानं पाणी आणलं. कोकम सरबतही आणलं. वहिनींनी विषय बदलला, त्यांना ते जमतं. मी डोळे पुसले आणि कामाचं बोलायला लागलो, कारण ते मला जमतं. म्हटलं, बसवतो, गणवेश खाकी होता की पांढरा? त्या म्हणाल्या, खाकी, आणि सणाला पांढरा. टोपी? काळी, तिरकी नाही, सरळ. मिशी? होती. मी सगळं मनात टिपत होतो. मग विचारलं, आणि चेहरा? म्हणजे गाडी चालवताना कसे दिसायचे? हसतमुख, की गंभीर? आमच्याकडे डोकी निरनिराळी मिळतात.

त्या विचार करायला लागल्या. मग म्हणाल्या, "मी मागे बसायचे रे. तुलाच माहीत असणार."

मी हो म्हटलं आणि खोका उचलून निघालो. रविवारी घेऊन येतो म्हटलं.

तेव्हापासून गाडी तशीच उभी आहे. खाकी अंग बसवलंय, उजवीकडे सरकवून. हात चाकावर ठेवलेत. टोपी शेजारी काढून ठेवलीय. डोकं नाही. डोक्यांची डबी उघडतो, पालथी घालतो, परत भरतो. ती खेळणी आहेत, त्यामुळे सगळे हसतायत. न हसणारे आहेत ते रागावलेले. मिशीवाले एकतर हवालदार आहेत नाहीतर चोर. बायकोनं काल येऊन बघितलं आणि म्हणाली, सासरे असे कुठं हसायचे? मी विचारलं, मग कसे असायचे? ती म्हणाली, जेवताना खाली बघायचे. मी म्हटलं, गाडी चालवताना? ती कुकर बंद करायला गेली.

तुमच्या गाडीत मी एकदाच बसलोय. थंडीत डॉक्टरांचं सगळं घर तुमच्या भावाच्या रानात हुरडा खायला निघालं होतं, आणि वहिनींनीच मला गाडीत घेतलं. तुमच्या शेजारी पातेली होती आणि चटणीच्या बरण्या. मी मागे, सगळ्यांच्या पायांत, खाली बसलो होतो. हडपसरपर्यंत आणि पुढे मांजरीपर्यंत मी तुमच्याकडेच बघत होतो, दुसरं काही बघितलंच नाही. तुमची मान, कॉलरवरचा घामाचा डाग, कानामागे अडकवलेली पेन्सिल, टोपीखाली बारीक कापलेले केस. हे सगळं मला आत्ता काढून दाखवता येईल. घरी असताना गाडी समोरून येताना बघावी, तर तीही कधी समोरून आली नाही. डॉक्टरांना कधी कुठून बोलावणं येईल म्हणून गाडी तोंड बाहेर करून लावायची तुमची पद्धत, त्यामुळे फाटकातून तुम्ही रिव्हर्समध्ये आत यायचात, मान पूर्ण मागे वळवून, चेहरा हुडाच्या आड. निघताना समोरच्या काचेवर आभाळ आणि गुलमोहर दिसायचा. फोटोत तुम्ही हुडाच्या मागे. लायसन्सवर तुमचा फोटो आहे, पण तो घाबरलेल्या माणसाचा आहे, स्टुडिओत पहिल्यांदा बसलेल्या.

उद्या डबीतलं एखादं डोकं लावीन, त्यातल्या त्यात बरं. टोपी सरळ बसवीन. रविवारी घेऊन जाईन, वहिनींना आवडेल, त्यांचा मुलगा पोरांना बोलावून सांगेल की हे आपले ड्रायव्हर काका, आणि सगळे म्हणतील हुबेहूब. मीही मान हलवीन. हा कागद मात्र कुणाला दाखवणार नाही, बायकोलासुद्धा नाही, आणि तुम्हाला तर तो पोचायचाच नाही, म्हणून लिहितो. इतके दिवस मी त्या घरावर रुसलो, की तुमची जागा दुसऱ्याला दिली. जागा मिळाली, अण्णा. आणि बसवायला घेतल्यावर कळलं की दाराशी उभा असलेला मीही काही बघितलेलं नाही. जेवताना खाली बघणारे तुम्ही मला पाठ आहात. उसाच्या बैलगाड्यांतून, सायकलवाल्यांतून वाट काढत मालकांना पुढे नेताना तुम्ही कसे दिसायचात, हे रस्त्यातून बाजूला झालेल्या कुठल्याही माणसानं सांगितलं असतं. मला माहीत नाही.